विमानाच्या पंखांना पाच-पाच फुटांची भोकं पाडणारा माणूस : क्लॉड रायन

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॉफेट फील्डवर नासाचं एम्स नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे १९४४ साली एक विंड टनेल बांधून पूर्ण झालं. टनेल म्हटलं की आपल्याला घाटातला बोगदा आठवतो. पण या बोगद्यातून गाडी जात नाही, वारा जातो. विमान एका जागी उभं करायचं आणि त्याच्यावर वारा सोडायचा, की विमानाला वाटतं आपण उडतोय.

बहुतेक विंड टनेलमध्ये विमानाचं छोटं मॉडेल ठेवतात. एम्सच्या या टनेलची चाचणीची जागाच मुळात ४० फूट उंच आणि ८० फूट रुंद. म्हणजे आत सरळ खरंखुरं विमान उभं करायचं. वारा सोडायला सहा पंखे, प्रत्येकाचा व्यास ४० फूट, प्रत्येकामागे ६,००० हॉर्सपॉवरची मोटर. सगळे मिळून ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाचा वारा तयार करायचे.

१९६० च्या दशकात या टनेलमध्ये खांबांवर एक विचित्र विमान चढवलं गेलं. त्याच्या दोन्ही पंखांना आरपार भोकं होती. साधीसुधी नाही, पाच फूट व्यासाची. नाकातही एक, तीन फुटांचं. प्रत्येक भोकात एक आडवा पंखा बसवलेला.

आता तुम्ही म्हणाल, विमानाच्या पंखाला भोक पाडायचं म्हणजे नावेच्या तळाला भोक पाडण्यासारखं झालं. पंख हवेवर टेकतो म्हणून तर विमान उडतं!

शंका रास्त आहे. ज्या कंपनीने हे विमान बांधलं तिच्या मालकाने तोवर आयुष्याची चाळीसेक वर्षं विमानं बांधण्यात घालवली होती, त्यामुळे ही शंका त्यालाही आली असणारच. त्या मालकाचं नाव क्लॉड रायन.

नाव ओळखीचं वाटत नसेल, तर लिंडबर्ग आठवा. १९२७ साली न्यूयॉर्कहून एकटा उडाला आणि कुठेही न थांबता पॅरिसला उतरला तो. त्याचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हे विमान रायनच्या नावाच्या कंपनीने बांधलं होतं. गंमत अशी की तेव्हा ती कंपनी रायनची नव्हती. तिकडे येऊच.

क्लॉड रायनचा जन्म ३ जानेवारी १८९८ चा, कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावचा. पुढे घरच्यांनी बिऱ्हाड कॅलिफोर्नियातल्या ऑरेंजला हलवलं. राइट बंधूंचं विमान उडालं तेव्हा क्लॉडला सहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. म्हणजे विमान नावाची गोष्ट आणि हा पोरगा, दोघं बरोबरीनेच मोठे झाले.

१९१७ साली त्याने व्हेनिस इथल्या एका खाजगी शाळेत उडायला शिकायला सुरुवात केली. पुढे लष्कराच्या मार्च फील्डवर रीतसर शिकला. मग काम मिळालं ते जंगलावर विमानातून घिरट्या घालायचं. कुठे वणवा पेटलाय का ते बघायचं आणि खाली कळवायचं.

हे काम वाटतं तितकं निवांत नव्हतं. खाली डोंगर आणि झाडी, इंजिन कधी दगा देईल याचा भरवसा नाही. आणि बंद पडलं तर उतरायचं कुठे? सपाट जमीनच नाही. विमानाला लागणारी लांब धावपट्टी ही किती मोठी अडचण आहे, हे अशा माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

१९२२ साली रायन सॅन डिएगोला आला. पहिल्या महायुद्धातली शिल्लक विमानं तेव्हा लष्कर भंगाराच्या भावात काढत होतं. त्याने ४०० डॉलरला एक ‘जेनी’ घेतलं आणि लोकांना पैसे घेऊन शहरावरून चक्कर मारून आणायला लागला. जत्रेत पाळण्यात बसवतात तसंच. फक्त हा पाळणा सुटून जायचा.

मग त्याने जुनी विमानं घेऊन त्यांना बंद केबिन बसवायला सुरुवात केली. बेंजामिन फ्रँकलिन माहोनी नावाचा पैसेवाला भागीदार मिळाला. १९२५ साली दोघांनी लॉस एंजेलिस ते सॅन डिएगो अशी रोजची प्रवासी विमानसेवा सुरू केली. वर्षभर ठरलेल्या वेळापत्रकाने चालणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या सेवांमध्ये तिचं नाव घेतात. १९२६ ला कंपनीने स्वतःचं पहिलं विमान बनवलं, टपाल वाहून नेणारं एम-१.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी रायनने आपला वाटा माहोनीला विकून टाकला.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत, फेब्रुवारी १९२७ मध्ये, लिंडबर्गची तार आली. अटलांटिक ओलांडणारं विमान बांधून द्याल का? माहोनीने हो म्हटलं. डॉनल्ड हॉल या इंजिनिअरने आराखडा केला. माशांचे डबे भरायच्या जुन्या कारखान्यात साठ दिवसांत विमान उभं राहिलं. बिल झालं १०,५८० डॉलर. मे महिन्यात लिंडबर्ग साडेतेहतीस तास उडून पॅरिसला उतरला. विमान, वैमानिक आणि कंपनी, तिन्ही जगप्रसिद्ध. कंपनीवर पाटी मात्र अजून रायनचीच होती.

त्यामुळे झालं असं, की रायनला आयुष्यभर लोक ओळखत राहिले ते त्याने न विकलेल्या विमानासाठी. त्याची स्वतःची विमानं कुठली, हे फार कुणी विचारलं नाही.

पण गडी बसून राहणारा नव्हता. १९२८ ला त्याने उडायला शिकवणारी शाळा काढली, १९३४ ला ‘रायन एरोनॉटिकल’ ही नवी कंपनी. तिचं ‘एसटी’ हे छोटं, चकचकीत धातूचं विमान लोकांना आवडलं. (आपल्या लाल एसटीशी याचा काही संबंध नाही.) त्यावरूनच पुढे लष्कराची शिकाऊ विमानं आली. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या शाळांमधून हजारो वैमानिक तयार झाले.

याच काळात कंपनी आणखी एक काम करत होती, ज्याला काही ग्लॅमर नाही. बॉम्बर विमानांच्या इंजिनांचे धुराचे पाइप बनवायचं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू कसा वळवायचा, त्याला टिकणारा पत्रा कसा वाकवायचा, यात या लोकांचा हात बसला. पुढे हीच गोष्ट कामाला आली.

युद्धाच्या शेवटी कंपनीने नौदलाला ‘फायरबॉल’ दिलं. पुढे पंख्याचं इंजिन, शेपटाकडे जेट, असं दुहेरी विमान. अशी ६६ बनली. नोव्हेंबर १९४५ मध्ये यातल्या एकाचं पुढचं इंजिन ऐनवेळी रुसलं आणि वैमानिक फक्त जेटच्या जोरावर विमानवाहू जहाजावर उतरला. जेटवर असं उतरण्याची ती जगातली पहिलीच वेळ.

जेट इंजिनं जशी ताकदवान होत गेली, तसा एक प्रश्न डोकं वर काढायला लागला. इंजिनाचा जोर विमानाच्या वजनापेक्षा जास्त झाला, तर धावपट्टीवर पळायचंच कशाला? रॉकेटसारखं सरळ वर का जायचं नाही?

१९४७ साली नौदलाने रायनच्या कंपनीला हाच प्रश्न अभ्यासायला दिला. त्यातून दहा वर्षांनी निघालं एक्स-१३ ‘व्हर्टिजेट’.

हे विमान शेपटावर उभं असायचं. खरं तर उभं नाही, टांगलेलं. एका ट्रेलरचा पाटा उभा करायचा, त्यावर आडवी तार ताणायची आणि विमान नाकाखालच्या हुकाने त्या तारेला लटकवायचं. खुंटीला सदरा अडकवतो तसं. उडताना इंजिनाचा जोर वाढवून तारेवरून हुक सोडवायचा, थोडं मागे सरकायचं, वर जायचं आणि हळूहळू आडवं व्हायचं. परत येताना पुन्हा नाक वर करून, आकाशाकडे तोंड करून, अंदाजाने तार शोधायची.

एप्रिल १९५७ मध्ये पीट जिरार्ड या वैमानिकाने हे अख्खं चक्र करून दाखवलं. जुलैमध्ये तर थेट पेंटागॉनसमोर, लष्करी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. टाळ्या पडल्या. ऑर्डर पडली नाही.

कारण उघड होतं. पाठीवर झोपून, मागे न बघता, तारेला हुक लावणं हे जिरार्डसारख्या माणसाला जमलं. धुळीत, रात्री, लढाईतून दमून आलेल्या साध्या वैमानिकाला ते कसं जमणार? एक्स-१३ हा माझ्या मते रायनच्या कंपनीचा सगळ्यात धाडसी प्रयोग, आणि सगळ्यात निरुपयोगीही.

त्यामुळे पुढचा विचार उलटा झाला. विमान आडवंच ठेवायचं, हवा तेवढी खाली वळवायची. आधी व्हीझेड-३ नावाच्या विमानात पंख्याचा वारा भल्यामोठ्या फ्लॅपांनी खाली वळवून पाहिला. त्यानेही एम्सच्या त्या टनेलची हवा खाल्ली आणि १९५९ ला उडालंही. पण ते हळू उडणारं यंत्र होतं. लष्कराला हवं होतं जेटच्या वेगाने जाणारं आणि जंगलातल्या मोकळ्या तुकड्यात उतरणारं काहीतरी.

इथे जनरल इलेक्ट्रिकची कल्पना आली. आता जरा इंजिनाचं गणित समजून घेऊ, अवघड नाही.

फुगा फुगवून सोडून द्या. हवा जोरात सुटते, पण थोडी. आता छताचा पंखा बघा. तो हवा हळू ढकलतो, पण केवढी तरी! जेटचा झोत फुग्यासारखा. त्याच्यातली तीच शक्ती वापरून जर मोठा पंखा फिरवला आणि जास्त हवा सावकाश ढकलली, तर मिळणारा धक्का वाढतो. किती वाढतो? या विमानात जवळजवळ तिप्पट. दोन छोट्या जे-८५ जेट इंजिनांचा मिळून जोर सुमारे ५,३०० पौंड. तोच धूर पंख्यांकडे वळवला की वर उचलणारा जोर सुमारे १६,००० पौंडांवर जायचा.

पंखा फिरवायला ना दांडा, ना गिअर. जत्रेतल्या भिरभिऱ्याच्या कडेवर आपण फुंकर मारतो ना, तसंच. पंख्याच्या पात्यांच्या टोकांना बाहेरून टर्बाइनची छोटी पाती लावलेली. इंजिनातून निघालेला तप्त वायू पाइपाने त्या कडेवर सोडायचा, पंखा गरगरतो. वायू कुठे जाणार हे ठरवायला एक झडप. एका बाजूला केली की वायू पंख्यांकडे, विमान वर. दुसऱ्या बाजूला केली की वायू सरळ मागे, विमान साधं जेट. मग भोकांवर वरून झाकणं आणि खालून पट्ट्या बंद. पंखाचा आकार पुन्हा सपाट.

नोव्हेंबर १९६१ मध्ये लष्कराने हे काम दिलं. पंखे आणि इंजिनं जनरल इलेक्ट्रिकची, विमान रायनचं. तापलेला वायू पाइपातून वळवण्याचा जुना हात होताच. विमानाचं नाव एक्सव्ही-५ए, लाडाने ‘व्हर्टिफॅन’. दोन बनवायची ठरली. रायन तेव्हा ६३ वर्षांचा होता.

आता येऊ त्या टनेलकडे.

पंख्याने जागच्या जागी वर उचलणं हा सोपा भाग. अडचण सुरू होते विमान पुढे सरकायला लागल्यावर. वरून सरळ खाली शोषली जाणारी हवा आता समोरून येते. तिला पंखाच्या भोकावर आल्यावर काटकोनात वळून खाली जायचंय. हवेला असं वळवायचं तर विमानाला स्वतःच जोर खर्चावा लागतो, म्हणजे मागे ओढ बसते. ही ओढ पंखाच्या वरच्या अंगाला बसते. शिवाय भोकाच्या पुढच्या काठावर हवा जोरात खेचली जाते आणि तिथे उचल वाढते. दोन्हींचा परिणाम एकच, नाक वर उठतं. वेग वाढेल तसं आणखी उठतं.

तिकडे पंखाखाली दुसरीच कथा. खाली सुटणारा झोत समोरच्या वाऱ्याने मागे वाकतो आणि त्याच्या मागे कमी दाबाची जागा तयार होते. ती पंखाला खाली ओढते. शेपटावर येणाऱ्या हवेची दिशाही बदलते. नाकातला तिसरा पंखा होता तो याचसाठी, नाकाचा तोल सांभाळायला. पण तोल किती सांभाळावा लागेल, हा आकडा कागदावरच्या गणिताने मिळत नव्हता.

तो मोजायला टनेल. आणि तेही मोठंच लागतं. का?

बाथरूममध्ये पाण्याचा पाइप फरशीवर धरून नळ पूर्ण सोडा. पाणी फरशीवर आपटून भिंतीपर्यंत जातं आणि उलटं तुमच्याच अंगावर येतं. अंगणात हाच पाइप धरला तर असं होत नाही. पंख्याच्या झोताचंही तसंच. छोट्या टनेलमध्ये झोत तळावर आपटतो, पुढे पसरतो आणि वळसा घेऊन पुन्हा विमानाच्या तोंडाशी येतो. वाऱ्याचा वेग कमी असला तर जास्तच. मग काटे जे आकडे दाखवतात ते विमानाचे नसतात, खोलीचे असतात. म्हणून उभ्या उड्डाणाच्या विमानांना टनेल केवढं आणि विमान केवढं, हे प्रमाण फार सांभाळावं लागतं. ४० बाय ८० फुटांची जागा इथे चैन नव्हती, गरज होती.

जनरल इलेक्ट्रिकचे हे पंखे आधी मोठ्या मॉडेलमध्ये बसवून याच टनेलमध्ये तपासले होते. मग खरं विमान आलं. खांबांखाली तराजू. विमान किती उचललं जातंय, किती मागे ओढलं जातंय, नाक किती वर किंवा खाली जातंय, सगळं त्या तराजूवर उतरायचं. वाऱ्याचा वेग बदलायचा, नाकाचा कोन बदलायचा, भोकाखालच्या पट्ट्या थोड्या मागे वळवायच्या, पुन्हा मोजायचं. या पट्ट्या मागे वळवल्या की झोत मागे जातो आणि विमान पुढे सरकतं, हीच पुढे जाण्याची युक्ती होती.

यातून सगळ्यात नाजूक जागा लक्षात येते. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग आला, की पंख आपलं वजन स्वतः पेलू शकतात. तेव्हा झडप फिरवून पंख्यांवरून जेटवर जायचं. त्या क्षणी पंख्यांची उचल जाते आणि नाक वर ढकलणारी ती शक्तीही एकदम जाते. विमानाचा तोलच बदलतो. म्हणून झडपेबरोबर शेपटाचा आडवा पंखही आपोआप मोठ्या कोनातून फिरायचा. ही सगळी जुळवाजुळव वैमानिकाच्या एका स्विचवर.

२५ मे १९६४ रोजी लू एव्हरेट या रायनच्या वैमानिकाने एक्सव्ही-५ए पहिल्यांदा उडवलं, साध्या विमानासारखं पळवून. जुलैत ते जागच्या जागी वर उठलं. नोव्हेंबरमध्ये पंख्यांवरून जेटवर हवेतल्या हवेत बदल करून दाखवला. टनेलमधले आकडे आणि आकाशातलं वागणं जुळत होतं. पंखाला भोकं पाडूनही विमान ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकत होतं. सदुसष्टीकडे निघालेल्या रायनला, एक्स-१३ च्या वेळी हुकलेली ऑर्डर आता मिळेल असं वाटण्याजोगी ही वेळ होती.

२७ एप्रिल १९६५. एडवर्ड्स तळावर पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. दोन्ही विमानं हवेत होती. एव्हरेटचं विमान जेटवर, वेगात उडत असताना अचानक नाक खाली घालून जमिनीकडे झेपावलं. एव्हरेट वाचला नाही.

वेगात असताना बदलाचा स्विच चुकून हलला आणि शेपटाचा पंख हळू उडण्याच्या कोनात गेला, असं मानलं गेलं. म्हणजे पंखे चुकले नव्हते. भोकं चुकली नव्हती. टनेलमध्ये तराजूवर महिनोन्महिने मोजलेली हवा अगदी बरोबर मोजली होती. पण टनेलमधल्या विमानात वैमानिक बसलेला नसतो. त्याचा अंगठा, त्याची बाही, त्याची घाई यांचं वजन त्या तराजूवर येत नाही.

उरलेल्या विमानाची उड्डाणं चालू राहिली. पुढच्या वर्षी त्याची परीक्षा वेगळ्या कामासाठी होती. खाली अडकलेल्या माणसाला हवेतून दोर सोडून वर ओढता येईल का? व्हिएतनाममध्ये पडलेल्या वैमानिकांना सोडवायला तेव्हा हेलिकॉप्टर जायचं, आणि ते हळू असायचं. जेटच्या वेगाने जाऊन हेलिकॉप्टरसारखं तरंगणारं विमान मिळालं असतं तर कितीतरी जीव वाचले असते. व्हर्टिफॅनसाठी याहून चांगलं काम नव्हतं.

५ ऑक्टोबर १९६६ रोजी हवाई दलाचा मेजर डेव्हिड टिटल हीच चाचणी घेत होता. विमान तरंगत असताना माणसाला अडकवायचा दोरीवरचा पट्टा उडाला आणि पंखातल्या पंख्याने तो आत ओढून घेतला. विमान खाली आलं. टिटलने सीटसकट बाहेर उडी घेतली, पण तो गेला. विमान मात्र फार मोडलं नाही. ते पुन्हा बांधता आलं.

हे वाचताना थांबायला होतं. ज्या भोकाने विमान उचललं जात होतं तेच भोक वरून जे येईल ते गिळत होतं. आणि काम दिलं होतं त्याच्याच शेजारी दोर सोडायचं.

लष्कराचा उत्साह ओसरला. तोपर्यंत हेलिकॉप्टरं सुधारली होती आणि पलीकडे ब्रिटिशांनी वेगळी वाट धरली होती. एकाच इंजिनाचा झोत चार नळ्यांनी खाली वळवायचा, पंखांना हात लावायचा नाही. त्यातूनच हॅरियर आलं. आपल्या नौदलाची सी हॅरियर विमानं गोव्याच्या दाबोळीहून २०१६ पर्यंत उडत होती, ती याच घराण्यातली. हॅरियरचं इंजिन इंधन भरमसाट प्यायचं, पण त्याच्या पंखात इंधन ठेवायला जागा होती. व्हर्टिफॅनच्या पंखात ती जागा पंख्यांनी खाल्लेली. शिवाय पंखे मावावेत म्हणून पंख जाड करावा लागला आणि जाड पंख वेगाला मारक. मला वाटतं, दोन्ही अपघात झाले नसते तरी हे गणित रायनला सुटलं नसतंच.

मोडलेलं विमान दुरुस्त होऊन १९६८ ला एक्सव्ही-५बी नावाने एम्सला गेलं. तिथे ते काही वर्षं संशोधनासाठी उडत राहिलं. मोठ्या उताराने खाली येत उभं कसं उतरायचं, वैमानिकाला त्या वेळी काय दिसायला हवं, असल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडून घेतली. पंख्याने उचलण्याची कल्पनाही मेली नाही. आजच्या एफ-३५बी मध्ये पंखा आहे, पण तो पंखात नाही, वैमानिकाच्या पाठीमागे धडात बसवलाय आणि दांड्याने फिरतो.

१९६० चं दशक संपता संपता रायनची कंपनी टेलिडाइनने घेतली. सौदा १२.८ कोटी डॉलरचा. एवढी किंमत आली ती काही व्हर्टिफॅनमुळे नाही. ‘फायरबी’ नावाचं बिनवैमानिकाचं विमान रायन १९५१ पासून बनवत होता, आधी तोफांच्या सरावासाठी निशाणा म्हणून. त्याच्याच हेरगिरीच्या भावंडांनी व्हिएतनामवर ३,४००हून जास्त फेऱ्या मारल्या. आज ज्याला आपण ड्रोन म्हणतो त्याचे हे थोरले. ज्या विमानांवर रायनच्या कंपनीने सगळ्यात जास्त डोकं लावलं ती विकली गेली नाहीत, आणि जे निशाणा म्हणून फोडून टाकायला बनवलं त्याने कंपनी तारली.

कंपनी गेल्यावर सत्तरी ओलांडलेल्या माणसाने काय करावं? रायनने मुलाला बरोबर घेऊन पुन्हा एक छोटी कंपनी काढली, ‘रायसन’. तिचं एकच विमान, ‘क्लाउडस्टर’. डिसेंबर १९७६ ला उडालं. लांबच लांब पंख, छोटं इंजिन. वर गेलं की इंजिन बंद करायचं आणि घारीसारखं नुसतं तरंगत राहायचं. अशी मोजकीच विमानं बनली.

११ सप्टेंबर १९८२ रोजी, ८४ व्या वर्षी, क्लॉड रायन सॅन डिएगोत वारला. लिंडबर्गचं विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात छताला टांगलेलं आहे आणि ते बघायला जगभरातून माणसं येतात. पंखांना भोकं असलेलं ते दुसरं विमान अलाबामातल्या फोर्ट रकरच्या लष्करी विमान संग्रहालयाकडे आहे.